खापर, क्रूस आणि ताम्रपट



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा आला. बोलता बोलता एक ताई म्हणाल्या, "ख्रिस्ती लोक आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबरच आले ना? त्याआधी कुठं होते?" दुसऱ्या म्हणाल्या, "छे, इंग्रजांनी आणले." गटातल्या एक ताई वसईकडच्या, ख्रिस्ती. त्या काही बोलल्या नाहीत. उठून रिकामे कप गोळा करायला लागल्या.

विचारणाऱ्या ताईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण परतताना तो प्रश्न आम्हाला सोडेना, कारण खरं उत्तर आम्हालाही नीट माहीत नव्हतं. मग आम्ही वाचलं, जाणकारांना विचारलं. जे हाती आलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी उत्तरच सांगून टाकतो. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. त्याच्या निदान साडेनऊशे वर्षं आधी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ख्रिस्ती वस्ती होती. ती सैन्याबरोबर आली नव्हती आणि युरोपातूनही आली नव्हती. ती इराण-इराककडून, व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आली. आता तुम्ही म्हणाल, पुरावा काय? पुरावे आहेत. थोडे जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहेत, आणि बाकीचे मातीतून निघाले आहेत.

मिरीचा देश आणि कल्याण

साधारण इसवी सन ५५० चा काळ. इजिप्तमधल्या आलेक्झांड्रिया शहरात कॉस्मस नावाचा एक माणूस होता. तरुणपणी त्याने तांबड्या समुद्रात व्यापार केला आणि पुढे संन्यास घेऊन ग्रंथ लिहायला बसला. त्या ग्रंथात तो सांगतो की श्रीलंकेत इराणहून आलेल्या ख्रिस्ती लोकांचं देऊळ आहे आणि त्यांचा धर्मगुरू इराणहून नेमून येतो. मिरी पिकते त्या 'माले' देशातही ख्रिस्ती आहेत. माले म्हणजे आपला मलबार, आजचं केरळ. आणि पुढे तो म्हणतो, 'कल्लियाना' नावाच्या गावी बिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू आहे आणि त्याचीही नेमणूक इराणहून होते.

हे कल्लियाना कुठलं? बरेच अभ्यासक म्हणतात, आपल्या ठाणे जिल्ह्यातलं कल्याण. कल्याण तेव्हा खाडीवरचं मोठं बंदर होतं. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणारे कल्याणचे व्यापारी त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथल्या शिलालेखांत भेटतात. कल्लियानाहून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं, असं कॉस्मसने नोंदवलं आहे.

हे सगळे धर्मगुरू इराणहून का येत, हे आधी समजून घेऊ. आपल्याला ख्रिस्ती धर्म म्हटलं की रोम आणि पोप आठवतात. पण त्या काळी ख्रिस्ती धर्माची एक मोठी शाखा पूर्वेला होती. तिला पूर्वेची मंडळी म्हणतात. तिचं मुख्य ठाणं आजच्या बगदादजवळ तैग्रिस नदीकाठी होतं. तिची प्रार्थनेची भाषा सिरियाक, म्हणजे येशू बोलत होता त्या अरामी भाषेचंच एक रूप. रोमच्या पोपची सत्ता तिच्यावर चालत नव्हती.

ही मंडळी दूरवर पसरली होती आणि अंतराचा त्रासही तिला होता. सातव्या शतकातले तिचे मुख्य धर्मगुरू तिसरे ईशोयाव यांचं एक पत्र आज उपलब्ध आहे. त्यात ते इराणच्या किनाऱ्यावरच्या धर्मगुरूंना रागावतात. तुम्ही आमचं ऐकत नाही, त्यामुळे भारतातल्या लोकांना बिशप मिळायचे बंद झाले, असा त्यांचा आरोप आहे. वरच्या दोघांचं भांडण आणि खालच्यांचं काम अडलेलं. हे आपल्याला नवीन नाही.

वारा फिरेपर्यंत मुक्काम

ही माणसं आली ती वाऱ्यावर. इंजिन नव्हतं, शिडं होती. अरबी समुद्रावर वर्षातले काही महिने वारा एका दिशेने वाहतो आणि पुढे काही महिने उलट दिशेने. कोकणातल्या कोळी मैत्रिणींना हे आम्ही काय सांगावं! इराणच्या आखातातून जहाज निघायचं, ओमानमधल्या मस्कतला पाणी भरायचं आणि तिथून थेट केरळच्या कोल्लमला यायचं. ८५१ साली अरबी भाषेत लिहिलेल्या एका वृत्तांतात म्हटलं आहे की वारा बेताचा असला तर मस्कतहून कोल्लमला महिना लागतो.

आलं जहाज, उतरला माल. पण परत कधी जाणार? वारा फिरल्यावर. म्हणजे काही महिने मुक्काम आलाच. कुणी जागा भाड्याने घेतली, कुणी वखार बांधली, कुणी इथलाच होऊन राहिला. कुणी आजारी पडलं, कुणी मेलं. पुरायचं कुठं, प्रार्थना कुठं करायची, भांडण झालं तर न्याय कुणाकडे मागायचा, हे प्रश्न तिथून सुरू झाले. माल घेऊन आलेल्या माणसाला परक्या गावात देवाची जागा हवीशी वाटते. किनाऱ्यावरचं ख्रिस्तीपण रुजलं ते अशा गरजेतून.

आणि ही जहाजं कशी होती माहीत आहे? शिवलेली. लाकडाच्या फळ्यांना भोकं पाडायची आणि नारळाच्या काथ्याच्या सुंभाने त्या एकमेकींना घट्ट शिवायच्या. सांगाड्याला लोखंडी खिळा नाही. अबू झैद नावाच्या दहाव्या शतकातल्या लेखकाने लिहिलं आहे की ओमानचे कारागीर नारळाच्या बेटांवर जात, झाडं तोडून त्याच्या फळ्या आणि डोलकाठी करत, काथ्याचा दोर वळून त्या फळ्या शिवत, झावळ्यांचं शीड विणत आणि शेवटी त्याच जहाजात नारळ भरून घरी परतत. एका झाडातून जहाजही आणि मालही.

ही विद्या अजून मेलेली नाही. २०२५ साली भारतीय नौदलात 'कौंडिण्य' नावाचं एक शिवलेलं जहाज दाखल झालं. ते गोव्यात बांधलं आणि केरळच्या कारागिरांनी शिवलं.

काथ्या कुजवायचा, कुटायचा, वळायचा, हे काम किती हातांचं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या हातांची नावं कुठल्याच ग्रंथात नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

खापराची साक्ष

आता मातीतल्या पुराव्याकडे येऊ. नवीन घराचा पाया खणताना किंवा शेत नांगरताना खापरं निघतात. आपण ती बांधावर फेकतो. पुरातत्त्वाची माणसं मात्र तीच धुऊन, आकडा घालून जपून ठेवतात. कारण कापड कुजतं, लाकूड वाळवी खाते, सोनं वितळवून नवीन दागिना होतो. फुटलेलं मडकं कुणालाच नको असतं, म्हणून ते पडल्या जागी राहतं.

त्या काळी इराकचा दक्षिण भाग आणि इराणचा नैर्ऋत्य भाग इथे एक खास रांजण होत असे. लांबट, खाली निमुळता, धरायला कान नाहीत. आकारावरून अभ्यासकांनी त्याला टॉर्पेडो रांजण असं नाव दिलं. मातीचं भांडं पाझरतं, म्हणून आतून त्याला डांबराचा लेप असे. हे डांबर जमिनीतून आपोआप वर येणारं. त्यातून द्राक्षाची दारू आणि तसेच पातळ पदार्थ जात. निमुळत्या बुडाचे रांजण जहाजाच्या पोटात एकमेकांच्या बेचक्यात घट्ट बसत.

या रांजणांची खापरं केरळमधल्या पट्टणमला सापडली, गुजरातमधल्या संजाणला सापडली आणि आपल्या मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरही सापडली. गंमत म्हणजे आधी यातली काही खापरं रोमन सुरयांची समजली गेली होती. पुढे जाणकारांनी माती आणि आतलं डांबर नीट पाहिलं तेव्हा चूक कळली. माल रोमहून नव्हे, इराणच्या आखाताकडून आला होता.

डांबरावरून गाव कसं कळतं? हळद सांगलीची की वसमतची, हे जाणती बाई रंगावरून आणि वासावरून सांगते. तसं प्रत्येक ठिकाणच्या डांबराचं घटकांचं प्रमाण वेगळं असतं आणि प्रयोगशाळेत ते ओळखता येतं. श्रीलंकेतल्या अनुराधपूरला सापडलेल्या खापरांवरचं डांबर अशा तपासणीत इराणच्या सुसा भागातलं निघालं.

अशी जहाजं आणखी पूर्वेला जात. २०१३ साली थायलंडमध्ये कोळंबीच्या तळ्याच्या चिखलात एक जुनं जहाज सापडलं. शिवलेलं जहाज, साधारण आठव्या शतकातलं. त्यातल्या एका टॉर्पेडो रांजणावर इराणच्या जुन्या पहलवी लिपीत एक नाव लिहिलेलं होतं. आपण भांड्यावर नाव घालून घेतो तसंच. आणि २०१४ साली कोल्लम बंदरातला गाळ उपसताना चिनी नाणी आणि चिनी भांड्यांचे तुकडे निघाले. म्हणजे पश्चिमेचा माल आणि पूर्वेचा माल कोल्लमला एकमेकांना भेटत होता.

पण इथे जपून चालायला हवं. दारूचा रांजण सापडला म्हणून तो आणणारा ख्रिस्ती होता असं होत नाही. तो पारशी असेल, ज्यू असेल, अरब असेल, किंवा इथलाच व्यापारी असेल. खापर फक्त व्यापाराची साक्ष देतं. धर्माची साक्ष दुसऱ्याने द्यायला हवी.

बेटांवरचे मठ

ती साक्ष आखातातल्या वाळूत मिळाली. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर १९९२ साली जुनं बांधकाम सापडलं. खणल्यावर कळलं की तो ख्रिस्ती साधूंचा मठ आहे, सातव्या-आठव्या शतकातला. भिंतींवर गिलाव्यात कोरलेले क्रूस होते. कुवेतजवळच्या फैलका बेटावरही असंच देऊळ निघालं आहे. २०२२ साली उम्म अल कुवैन इथल्या सिनिया बेटावर आणखी एक मठ सापडल्याची बातमी आली. तिथे प्रार्थनेची जागा होती, एकत्र जेवायची खोली होती, पाणी साठवायची टाकी होती आणि भाकरी भाजायची भट्टीही होती.

सिनियाच्या मठाजवळच मोती काढणाऱ्यांचं गाव निघालं. घरं, गल्ल्या आणि शिंपल्यांचे ढीग. पाणबुड्याला खोल नेणारं वजनही मिळालं. एकीकडे साधू प्रार्थना करत होते आणि दगडफेकीच्या अंतरावर बाप्ये मोत्यासाठी समुद्रात बुड्या मारत होते. आखातातला मोती आणि आपल्याकडची मिरी एकाच वाटेवर चालत होती. त्या वाटेवर हे मठ होते.

याच काळात अरबस्तानात इस्लामचा उदय झाला होता. तरी हे मठ लगेच मोडले नाहीत. त्यानंतरही ते काही पिढ्या चालू राहिले. पुढे लोक सोडून गेले, पण जाळपोळ किंवा मोडतोड झाल्याच्या खुणा तिथे दिसत नाहीत. शेजार होता, आणि तो हळूहळू बदलला.

दगडातला क्रूस

आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर या. केरळमधल्या काही जुन्या देवळांत आणि चेन्नईच्या सेंट थॉमस टेकडीवर दगडात कोरलेले जुने क्रूस आहेत. चेन्नईचा क्रूस १५४७ साली पोर्तुगिजांना पाया खणताना सापडला. म्हणजे ते यायच्या कितीतरी आधीपासून तो तिथे मातीत होता. या क्रूसांच्या भोवती कमानीसारखा लेख आहे आणि तो पहलवी लिपीत आहे. क्रूसावर येशूची मूर्ती नाही. चारी टोकांना कळीसारखे आकार आहेत, खाली पाकळ्या आहेत, वरून एक पक्षी उतरतो आहे. चेन्नईच्या क्रूसाच्या दोन्ही बाजूंना मकर आहेत, आपल्या देवळांच्या तोरणावर असतात तसे.

यावरून काय कळतं? लिपी इराणची, धर्म ख्रिस्ती, आणि छिन्नी चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इथलीच देवळं. अभ्यासक या क्रूसांचा काळ साधारण सहावं ते नववं शतक असा धरतात. श्रीलंकेत अनुराधपूरला १९१२ साली असाच एक दगडी क्रूस सापडला होता.

आणि गोव्यात? तिथेही. २००१ साली झुआरी नदीच्या काठी आगशी गावाजवळ पहलवी लेख असलेला दगडी क्रूस सापडला. तोवर असे क्रूस दक्षिणेतच असतात असं मानलं जायचं.

पहलवी लिपी बघायची असेल तर लांब जायला नको. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत १००९ आणि १०२१ सालचे पहलवी लेख आहेत. ते पारशी लोकांचे आहेत. लेणी बघायला आले होते आणि भिंतीवर नावं लिहून गेले. म्हणजे ही लिपी वाचणारी माणसं आपल्या ठाणे-मुंबईच्या परिसरात त्या काळी वावरत होती.

सह्या कुणाच्या, हात कुणाचे

तिसरी साक्ष तांब्याची. कोल्लमच्या राज्यकर्त्याने एका ख्रिस्ती देवळाला दिलेला ताम्रपट आजही आहे. त्याचे पत्रे केरळमध्ये कोट्टायम आणि तिरुवल्ला इथे जपून ठेवले आहेत. साल ८४९. वरती चेर राजा स्थाणू रवी, आणि त्याच्या हाताखाली वेणाडचा अधिपती अय्यन अडिगळ. या अय्यन अडिगळने तरिसापळ्ळी नावाच्या देवळाला जमीन आणि हक्क दिले. हे देऊळ उभारणाऱ्याचं नाव सापीर ईशो. ईशो म्हणजे येशू.

राजा हिंदू, देऊळ ख्रिस्ती. देवळाला बाजारातली वजनं-मापं सांभाळायचा हक्क मिळाला. मणिग्रामम आणि अंजुवण्णम नावाच्या दोन व्यापारी संघांवर या सगळ्याची राखण सोपवली. संघ म्हणजे काय ते आपल्या गटातल्या बायकांना समजवावं लागणार नाही.

पटाच्या शेवटी साक्षीदारांच्या सह्या आहेत. काही सह्या अरबी लिपीत आहेत, मुसलमान व्यापाऱ्यांच्या. काही पहलवी लिपीत आहेत, त्यात ख्रिस्ती आहेत आणि पारशी धर्माचेही आहेत. काही इब्री लिपीत आहेत, ज्यूंच्या. एका ख्रिस्ती देवळाच्या हक्कासाठी, हिंदू राज्यकर्त्याच्या पटावर, मुसलमान, पारशी आणि ज्यू साक्षीला उभे राहिले. आपण जामीन राहताना कितीदा विचार करतो! बाराशे वर्षांपूर्वी ही माणसं एकमेकांना जामीन राहिली, कारण बाजार सगळ्यांचा होता. तो बुडाला असता तर सगळेच बुडाले असते.

हे ऐकायला छान वाटतं. पण पट इथेच संपत नाही, आणि आम्हाला पुढचं लपवायचं नाही.

जमिनीबरोबर देवळाला माणसंही दिली. ताडी काढणारी कुटुंबं, परिटाचं कुटुंब, सुतार, शेती करणारी कुटुंबं. त्यांच्यावरचे काही कर माफ केले. त्यातला एक कर चक्क शिडीवरचा होता. ताडी काढायला झाडावर चढायचं तर शिडी लागते, आणि त्या शिडीवरही राजाचा कर! तो माफ झाला हे चांगलंच झालं. त्यांना बाजारात आणि तटाच्या आत येऊन आपलं काम करायची मोकळीकही दिली. मोकळीक लेखी द्यावी लागली, यावरून एरवी काय होत असेल ते समजा. आणि त्यांच्याकडून गुन्हा घडला तर न्याय देवळाची माणसं करणार.

पण त्या कुटुंबांना कुणी विचारलं होतं का? पटात त्यांची सही नाही. तीन लिप्यांत सह्या आहेत, पण ज्यांना दिलं त्यांची एकही नाही. त्या घरांतल्या बायकांचा तर उल्लेखही नाही. काथ्या वळणाऱ्या हातांबद्दल मघाशी बोललो ते यासाठी. धर्म वेगळे असूनही मोठे लोक एकमेकांना सांभाळून घेत होते. त्या सांभाळण्याचा भार ज्यांच्यावर पडत होता ते पटाबाहेरच राहिले.

ठाण्याची एक बाई

आता शेवटची गोष्ट, आपल्या महाराष्ट्रातली. ती थोडी नंतरची आहे, १३२१ सालची. चार परदेशी ख्रिस्ती साधू ठाण्याला आले. त्यांच्यामागून काही काळाने आलेला ओडोरिक नावाचा प्रवासी लिहितो की ठाण्यात पूर्वेच्या मंडळीच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. म्हणजे कॉस्मसने कल्लियानाबद्दल लिहिल्याला पावणेआठशे वर्षं होऊन गेली, तरी त्याच खाडीवर तीच मंडळी होती. पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

ते चौघे यातल्याच एका घरी उतरले. ओडोरिक सांगतो, एके दिवशी घरधन्याचं आणि त्याच्या बायकोचं भांडण झालं. संध्याकाळी नवऱ्याने तिला मारलं. सकाळी उठून ती थेट काझीकडे गेली आणि तक्रार केली. काझीने विचारलं, पुरावा आहे का? ती म्हणाली, आहे. मारलं तेव्हा घरात चार परदेशी साधू होते, त्यांना विचारा. म्हणून त्या साधूंना बोलावलं. तिथे बोलणं धर्मावर गेलं, वाद पेटला, आणि शेवटी त्या चौघांचा जीव गेला.

ओडोरिकने त्या चौघांच्या मरणाबद्दल पानंच्या पानं लिहिली. त्या बाईचं नावही लिहिलं नाही. पण मैत्रिणींनो, विचार करा. सातशे वर्षांपूर्वी, ठाण्यात, पंधरा घरांच्या छोट्या समाजातली एक बाई. नवऱ्याने मारलं म्हणून ती गप्प बसली नाही. दुसऱ्या धर्माच्या न्यायाधीशापुढे उभी राहिली आणि पुरावा विचारल्यावर साक्षीदारांचं नावही पुढे केलं. ही शहराची आपली बाई होती. परकी नव्हती.

तर उत्तर असं

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. आज वसईला आणि गोव्यात जी ख्रिस्ती घराणी आहेत त्यातल्या बहुतेकांचा धर्म पोर्तुगीज काळातला, हे खरं आहे. पण या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून होता, हेही तितकंच खरं आहे. केरळचे ख्रिस्ती तर मानतात की येशूचे शिष्य थॉमस स्वतः इसवी सन ५२ मध्ये तिथे आले. ती त्यांची श्रद्धा आहे. खोदकामातले पुरावे त्यानंतरच्या काळाचे आहेत, पण तेही पोर्तुगिजांच्या फार आधीचे आहेत.

आणि एकट्या पुराव्यावर विसंबू नका. खापर व्यापार सांगतं, क्रूस धर्म सांगतो, ताम्रपट हक्क सांगतो. तिघांची साक्ष जुळते तेव्हा गोष्ट खरी मानायची. गावात कुणी म्हणालं की अमके बाहेरचे, तमके मूळचे, तर हाच नियम लावा. विचारा, साक्ष कुणाची?

आपल्याही गावात असे पुरावे असू शकतात. विहीर खणताना, पाया घेताना, बांध घालताना जुनी खापरं, नाणी, कोरीव दगड निघाले तर घरी आणू नका आणि फेकूही नका. खापर हललं की ते कुठल्या थरात होतं हे कळत नाही, आणि त्याची अर्धी साक्ष तिथेच संपते. जागा तशीच ठेवा, मोबाइलवर फोटो घ्या आणि सरपंच-तलाठ्यांमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा.

गटात बोलायला एक विषय देतो. तुमच्या गावात कोणकोणती घरं बाहेरून आली? कधी, कशासाठी? त्यांना पहिल्यांदा जागा कुणी दिली, जामीन कोण राहिलं? आजी-पणजीला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. लिहिताना बायकांची नावं घाला. बाराशे वर्षांपूर्वी ती राहून गेली.

आणि त्या दिवशी कप गोळा करणाऱ्या ताई, तुम्ही ऐकत असाल तर सांगतो. पुढच्या बैठकीला तुम्ही बसा आणि बोला. कप आम्ही उचलू.